जपानी बागेच्या दारातला देव

मी एकदा एक देव केला. पायरीचा दगड होता, त्याला भर दुपारी तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि पळून आले. नवस नव्हता, दृष्टान्त नव्हता, भक्तीचा तर वासही नव्हता. जावेवर जळून केला. पुढे सगळं गाव त्याच्यापुढे नारळ फोडायला लागलं, आणि माझ्याच सासूनं मला त्याचा उपास धरायला लावला. आज नातसुना विचारतात, आजी, तुम्ही देवाचं फारसं का करत नाही? त्यांना काय सांगू, की एका देवाचं मी इतकं केलं आहे की ते जन्मभर पुरलं.

तेव्हा आम्ही कामरगावच्या अलीकडे, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या गावात राहत होतो. कापसाचे दिवस. वऱ्हाडातला कापूस घ्यायला कुठून कुठून साहेब यायचे, तसा आमच्या जिनात एक जपानी साहेब आला होता. बुटका, शांत, उन्हात लाल व्हायचा. जिनाच्या मागे बांबूच्या कुंपणात त्यानं एक बाग केली. बाग म्हटल्यावर आम्हाला वाटलं, मोगरा असेल, गुलाब असेल, निदान झेंडू तरी असेल. तर आत एकही फूल नाही. एक तळं, त्यावर पाठ वाकवलेला लाकडी पूल, एक दगडी दिवा, बांबूचं बेट, पांढऱ्या वाळूवर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, आणि दगड. काळे, बेडौल, शेवाळ धरलेले दगड. साहेब संध्याकाळी त्यांच्याकडे बघत बसायचा. जिनातले हमाल एकमेकांना विचारायचे, "काहून रे, साहेबाचं काही हरपलं काय तथी?"

पुढे साहेब गेला आणि जाताना सांगून गेला, की बाग गावाला द्या. जिनाचा शेठ मोठा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "देली. पन माह्या विहिरीचं पानी भेटनार नाई. मृगापावतर जगवली तं बाग तुमची. वाळली तं मी तथी कापसाच्या गंज्या लावतो."

झालं, गाव इरेला पेटलं. घराघरातून वर्गणी ठरली ती पाण्याची. रोज घरटी एक घागर. ज्याला जमेल त्यानं अडाण नदीची वाळू आणायची, कुणी बांबू, कुणी कुंपणाला काट्या, कुणी एखादा दगड. सगळं बघायला आमच्या गावचे म्हातारे गुरुजी. साहेबाबरोबर बसून बसून त्यांना कोणता दगड कुठे शोभतो ते कळायला लागलं होतं, निदान त्यांना तसं वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांनी बायकांना शेवाळावर पाणी शिंपडायला सांगितलं, तर आमच्या आळीतली एक म्हातारी तिथंच बसून हसायला लागली. "आमी जलमभर शेवाळ घासून काढलं, अन् हे म्हनतेत त्याले पानी घाला!"

हसत हसत का होईना, बायका यायला लागल्या. त्याचं खरं कारण सांगते. घागर रिती केली की तळ्याकाठी घटकाभर बसता यायचं. घरात सुनेला बसायची जागा कुठे? जात्यापाशी नाहीतर चुलीपाशी. रिकाम्या हातानं बसलेली सून दिसली की सासू तिच्या हातात काहीतरी देणारच. बागेत मात्र बसलं तरी ते गावकीचं काम. मला आठवतं, पहिल्यांदा पाण्यात पाय सोडून बसले तेव्हा मला भीती वाटली होती, की आता कोणीतरी ओरडणार. कोणी ओरडलं नाही. त्या दिवसापासून मी बागेची झाले.

आता मोठ्याबाईंविषयी. मोठ्याबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी धाकटी, म्हणून तिच्या तोंडी मी 'लायनी'. तिचं काय सांगू? दिसायला काळीसावळी, बोलायला कमी, आणि जे करील ते चांगलंच व्हायचं. तिनं दूध तापवलं तर उतू जायचं नाही. तिच्या पुरणाला गाठ नाही. तिचं लुगडं दिवसभर झऱ्याचं पाणी वाहिलं तरी कोरडं. शेजारणी यायच्या त्या तिच्याशी बोलायला. मी गोरी होते, मला गाणी यायची, मी भरतकाम करायचे, आणि तरी सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, काही हरवलं की पहिली हाक मारायच्या "मोठे!" अशी. आता तुम्ही म्हणाल, काही हरवल्यावर हाक मारणं यात जळण्यासारखं काय? पण त्या वयात मी त्यावरही जळायचे.

तर मोठ्याबाईनं बागेला एक दगड दिला. तिच्या माहेराहून, आसेगावच्या शेतातून, बैलगाडीत घालून आणला. गुरुजींनी तो तळ्याच्या काठाशी अर्धा पाण्यात ठेवला, आणि काय झालं कोणास ठाऊक, तो दगड म्हैस झाला. हुबेहूब. पाण्यात डुंबायला बसलेली, नाक वर काढलेली म्हैस. पोरं तिला चारा दाखवायची. शेजारच्या तांड्यावरून लोक बघायला यायचे. "कोनाची वं ही म्हैस?" "त्याईच्या मोठ्या सुनेची." गुरुजी तर म्हणाले, "साहेब असता तं खुश झाला असता. हा दगड जसा काही पयलेपासून अथीच होता."

माझ्या अंगाची लाही झाली. एक दगड, त्याला हात लावला नाही, घडवला नाही, शेतातून उचलून आणला, आणि तिचं नाव पंचक्रोशीत!

मी ठरवलं, आपण असा दगड देऊ की ती म्हैस लाजली पाहिजे. जाती-पाटे घडवणारा पाथरवट गावाबाहेर उतरला होता. त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "चांगला चौकोनी दगड घ्या, गुळगुळीत करा, अन् त्यावर कमळ काढा. आठ पाकळ्याचं." बदल्यात माझी माहेरची पितळी परात दिली. परात गेली याचं काही वाटलं नाही, त्या कमळाच्या पाकळ्या इतक्या सुरेख होत्या. डोक्यावरून दगड नेता येईना म्हणून दोन हमालांना गूळ-शेंगदाणे देऊन तो बागेत पोचवला. सगळ्यांच्या देखत.

गुरुजी त्याच्याभोवती फिरले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कारागिरी मोठी नामी हाये, बाई. पन लय नवा दिसते." मग इकडे ठेवून बघितला, तिकडे ठेवून बघितला, आणि शेवटी बागेच्या दारात पुरला. पायरी म्हणून.

पायरी!

गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. लोकांच्या पायानं झिजला की दगड बागेतला वाटेल, असं ते म्हणाल्याचं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की मोठ्याबाईच्या म्हशीला लोक हात जोडायचेच तेवढे बाकी आहेत, आणि माझ्या आठ पाकळ्यांवर अख्खं गाव पाय पुसून आत जातंय. चिखलाचे पाय. शेणाचे पाय. एकदा तर एक बकरी. मी दारातच उभी होते. मोठ्याबाई घागर घेऊन आली, खाली बघितलं, आणि कमळाला वळसा घालून, कडेच्या दगडावर पाय ठेवून आत गेली. रोज ती तशीच जायची. तीच एकटी. त्याचाही मला राग आला. म्हटलं, दाखवते आहे मोठेपणा.

चैत्र लागला होता. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मारुतीसाठी देवघरात तेलात कालवलेला शेंदूर असायचा, तो वाटीत घेतला, वाटी घागरीत, घागर डोक्यावर. माझं डोकं असं चाललं होतं: शेंदूर दिसला की लोक पाय देणार नाहीत. बस, एवढंच. त्यापुढे काय होईल, हा विचार करायला लागतं ते डोकं मोठ्याबाईकडे होतं. मी कमळावर चार बोटं ओढली, कोणाची तरी चाहूल लागली, हात घागरीखालच्या चुंबळीला पुसले आणि घरी येऊन शहाण्यासारखी डाळ निवडत बसले.

पहिला एक हमाल आला. त्यानं वाहाणा काढल्या. नंतर एक बाई आली, तिनं घागर खाली ठेवून कपाळ टेकलं. दिवस मावळेपर्यंत तिथं एक नारळ फुटला होता. आमच्याच घरी बातमी आली, "जपानी बागेच्या दारात देव निंघाला!" आत्याबाई जात्यावरून उठल्या ते थेट पदर सावरत निघाल्या. मागून मी, माझ्या मागून मोठ्याबाई. देवासमोर आत्याबाईंनी मला वाकवलं. मी माझ्याच दगडाच्या पाया पडले. माझ्या पोटात इतकं हसू दाटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंना वाटलं, सुनेला गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी माझी चुंबळ सापडेना. मोठ्याबाईनं आपली दिली. म्हणाली, "घे, मी दुसरी करतो."

लोकांनी देवाचं नावही ठेवलं: जपानी बाबा. आठवडाभर मी हवेत होते. गल्लीतून जाताना बायका म्हशीविषयी बोलत नव्हत्या, बाबाविषयी बोलत होत्या. पण लवकरच माझ्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, शेंदरावर शेंदूर, तेलावर तेल चढून माझं कमळ पार बुजलं. एक पाकळी दिसेना. दुसरी, देव आपोआप निघाला म्हटल्यावर तो दगड मी दिलेला, हे लोक सोयीनं विसरले, आणि मला कोणाला आठवण करून देता येईना. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग शेंदूर कोणी फासला? एवढा मोठा देव घरचा, आणि मिरवायची सोय नाही!

त्यातून आत्याबाईंचे दुखरे गुडघे. त्यांनी बाबाला नवस बोलला आणि उपास आम्हा दोघींना वाटून दिले. मंगळवार मोठ्याबाईला, शनिवार मला. शनिवारी मी भुकेनं कळवळत माझ्याच पापाकडे बघत बसायचे. मोठ्याबाई माझ्यापुढे शेंगदाणे ठेवायची. "खा वं, शेंगदान्यानं उपास मोडत नाई." तिचा मंगळवार ती पाण्यावर काढायची. आणि अर्थात, आत्याबाईंचे गुडघे तिच्या मंगळवारी बरे असायचे.

इकडे बागेचं काय झालं? देव दारातच. त्याला ओलांडून आत जाणार कोण? बायका घागर आणायच्या आणि बाबावर रिती करायच्या. तिथून ते पाणी गाडीवाटेनं वाहत जायचं. बाहेर एवढा चिखल झाला की खऱ्या म्हशी त्यात येऊन बसल्या, आणि आतली दगडाची म्हैस कोरडी पडली. ज्यांना आत जायचंच होतं त्यांनी मागून कुंपण मोडलं, वाळूच्या रेघांवरून वाट पाडली. शेवाळ तपकिरी झालं, मग पापडासारखं सुटून आलं. तळं आटत गेलं, तसा मोठ्याबाईचा दगड उघडा पडत गेला. पाणी होतं तोवर ती म्हैस होती. चिखलात तो नुसता धोंडा दिसायला लागला. पोरांनी चारा दाखवणं सोडलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? बाग जाते आहे हे दिसत होतं, काठावर बसणं संपलं होतं, आता पुन्हा जातं आणि चूल हे कळत होतं. तरी त्या म्हशीची दशा बघून मनात गुदगुल्या होत होत्या. आपलं एक घर जळलं तरी चालेल, पण शेजारच्याचा मांडव जळताना दिसावा, असल्या जातीचा तो आनंद.

गुरुजी दारात येऊन उभे राहायचे. देवाला हलवा म्हणायची त्यांची छाती नव्हती. एकदा हळूच म्हणाले, "बाबाले दोन घागरी, अन् तळ्याले एक, असं केलं तं?" तर एका म्हाताऱ्यानं त्यांना झापलं, "गुरुजी, देवाच्या पान्यात वाटनी करून राह्यले काय तुमी?"

आणि एक दिवस शेठचे मुनीम आले. सोबत दोन माणसं, हातात दोरी. मागच्या मोडलेल्या कुंपणातून आत गेले आणि जागा मापायला लागले. या कोपऱ्यात एक गंज, त्या कोपऱ्यात एक. पुलापाशी मुनीम थांबले, पायानं फळी दाबून बघितली. "लाकूड चांगलं हाये. जिनात कामी येईन."

मी दारातल्या चिखलाशी उभी होते. आत, मुनीमांच्या दोरीखाली, माझी बसायची जागा होती. मी मोठ्याबाईकडे बघितलं. ती आटलेल्या तळ्यात उतरली होती. आपल्या डोक्यावरची घागर तिनं बाबाला दिली नव्हती. मागून येऊन ती त्या धोंड्याच्या पाठीवर ओतत होती, भर उन्हात, एकटी, लेकराला न्हाऊ घालावं तशी. पाणी दगडावर टिकत नव्हतं. वाफच व्हायची. मला वाटलं जावं, तिच्या हातातली घागर धरावी. पाय उचललाही. तेवढ्यात एक बाई म्हणाली, "मोठीचा जीव किती हाये पा त्या दगडावर!" आणि माझा पाय जागच्या जागी थिजला. तिथंही कौतुक तिचंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मोठ्याबाई बोलली. चार बायकांत तोंड न उघडणारी बाई, रहाट थांबवून मोठ्यानं बोलली:

"माय वं, बाबा आले होते माह्या सपनात."

सगळ्या घागरी जागच्या जागी.

"काय म्हनले?"

"म्हनले, उन्हानं आंग भाजून राह्यलं. तुमी पानी घालता अन् ते वाहून जाते, मले काई लागत नाई. मले तळ्यात न्या. मंग जेवढं पानी घालसान तेवढं माह्या डोक्यावरच राह्यन."

आत्याबाईंनी घागर सोडली आणि आपल्या सुनेपुढे हात जोडले. सासू सुनेपुढे! मी तिथंच होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या तोंडात शब्द येऊन बसला होता, की अहो, कसला बाबा, तो तर माझा दगड! गिळला. देव मी केला, शेंदूर मी फासला, परात माझी गेली, आणि तो मेला सपनात गेला तिच्या!

त्याच दिवशी डफडी वाजली. गड्यांनी पहारींनी दगड उपटला, गुलाल उधळला, आणि जयजयकार करत तो तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवला. मग सुरू झाल्या घागरी. आमच्या गावच्या, शेजारच्या गावच्या, तांड्यावरच्या. कामरगावच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या वाटेत थांबायच्या, गाडीवाले बैलांसाठी भरलेल्या पिपातलं पाणी बाबाला द्यायचे. दार मोकळं झालं होतं. बाबा दिसेनासा होईपर्यंत पाणी चढलं, तरी लोक थांबले नाहीत; देवाची तहान मोजणार कोण? तळ्याला काही दिवस लालसर रंग होता. गुरुजी दाताळं घेऊन वाळूवर पुन्हा रेघा ओढायला लागले. शेठ स्वतः आला, नारळ फोडला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाच्या डोक्यावर कापूस ठेवनारा मी कोन? माह्या विहिरीचं पानी बी घ्या." मुनीमांची दोरी परत गेली ती गेलीच.

बाग राहिली. मी अजून ती बाग बघते. आता तिथं नातवंडं खेळतात, आणि पाण्याची वर्गणी अजून चालते, आता विहिरीला पंप आहे तरी. बाबाच्या नावानं प्रत्येक घर चैत्रात एक घागर ओततंच.

पण तळं भरलं त्या संध्याकाळी मला बाग राहिल्याचं सुख झालं नाही. पाणी मानेपर्यंत आलं होतं, आणि दगडाची म्हैस पुन्हा नाक वर काढून डुंबत बसली होती. काठावर येणारी प्रत्येक बाई आधी मोठ्याबाईच्या पायाला हात लावत होती. ती पाय मागे घेत होती, लाजत होती, आणि त्यामुळे बायकांना आणखीच भरून येत होतं. माझं कमळ तळाशी. कोणाला दिसायचं नाही, पाय लागायचा नाही, हात जोडले तरी ते पाण्याला. गर्दी पांगली तशी मी तोंड वळवून काठावर बसले. रडू आलं होतं, आणि कारण विचारलं तर काय सांगणार?

मोठ्याबाई येऊन शेजारी बसली. तिनंही पाय पाण्यात सोडले.

मीच विचारलं, "मोठ्याबाई, खरंच आले होते काय बाबा तुमच्या सपनात?"

तिनं कमरेला खोचलेली एक चिंधीची चुंबळ काढली. माझी होती. तिच्यावर शेंदराची चार बोटं वाळून बसली होती. ती तिनं पाण्यात बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली, रंग जाईपर्यंत. मग माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली,

"आले होते ना. म्हने, लायनीले सांग, दुसऱ्या खेपेले देव करशीन तं हात चुंबळीले पुसू नोको. अन् रडतं काहून वं, बह्याड? कमळ होतं ते. पान्यात नाई राह्यन तं कुठी राह्यन?"